अंडं कशात तळू, डॉक्टर?

गेल्या महिन्यात ओपीडीत एक जोडपं आलं होतं. गृहस्थ पन्नाशीचे, तीन आठवड्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. रिपोर्ट पाहून झाले, गोळ्या समजावून झाल्या. मग त्यांच्या पत्नीने मोबाइल काढला आणि प्रश्नांची यादी वाचायला सुरुवात केली. खोबरेल चालेल का? ऑलिव्ह आणू का? घाण्याचं तेल चांगलं की रिफाइंड? गाईचं तूप औषधासारखं असतं म्हणतात, खरं का? गृहस्थ इतका वेळ खाली मान घालून बसले होते. यादी संपल्यावर हळूच म्हणाले, "डॉक्टर, मला एकच सांगा. अंडं खाऊ का? आणि खाल्लं तर कशात तळून?"

वाचक मित्रहो, हा प्रश्न साधा वाटतो. पण तो ऐकला की मला माझ्या वडिलांची आठवण येते, कारण याच प्रश्नाचं उत्तर मी एकदा ठणकावून दिलं होतं. आणि ते चुकीचं होतं.

आमचे अण्णा एसटीत कंडक्टर. पहाटेची पहिली गाडी त्यांच्याकडे असायची. साडेचारला आई उठायची आणि बिडाच्या तव्यावर चमचाभर गोडं तेल टाकून दोन अंडी फोडायची. पांढऱ्याची कड खरपूस, बलक मऊ, वरून मीठ-मिरपूड. कालच्या भाकरीबरोबर ते खाऊन अण्णा ड्युटीवर जात. चार माणसांच्या आमच्या घरात "गोडं तेल" म्हणजे शेंगदाण्याचं तेल. तूप होतं, पण ते भातावर आणि सणावारी. अंड्याला तेलच.

1995 साली अण्णांना हार्ट अटॅक आला. मी तेव्हा एमबीबीएसच्या तिसऱ्या वर्षाला होतो. या वयात माणसाला थोडं समजलेलं असतं आणि सगळं समजलंय असं वाटत असतं. अण्णा हॉस्पिटलमधून घरी आले त्याच दिवशी मी स्वयंपाकघराचा ताबा घेतला. अंड्याचा बलक बंद. तूप बंद. लोणी बंद. आईने विचारलं, "मग शिऱ्याला काय घालू? दिवाळीला काय करू?" मी बाजारातून वनस्पती तुपाचा डबा आणला. डब्यावर लिहिलेलं होतं की यात कोलेस्टेरॉल नाही. ते खरंही होतं, कारण कोलेस्टेरॉल फक्त प्राणिज पदार्थांत असतं. कुठल्याच वनस्पतीजन्य तेलात ते नसतं. पण "कोलेस्टेरॉल नाही" याचा अर्थ "हृदयाला चांगलं" असा मी लावला, आणि आईने डॉक्टर होऊ घातलेल्या मुलावर विश्वास ठेवला. पुढची तीन-चार वर्षं शिरा, पराठे आणि अण्णांचं पांढऱ्याचं ऑम्लेट, सगळं त्या डब्यातल्या वनस्पतीत झालं.

आता यात चूक काय होती, ते नीट समजून घेऊ.

पातळ तेलाला घट्ट करायचं तर त्यात हायड्रोजन मिसळतात. ही प्रक्रिया अर्धवट केली की तेलातल्या काही स्निग्धाम्लांची रचना बदलते आणि ट्रान्स फॅट तयार होतात. नेदरलँड्समधल्या मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी 1990 सालीच दाखवून दिलं होतं की ट्रान्स फॅटमुळे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, वाढतं आणि चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, कमी होतं. साध्या तुपाने एलडीएल वाढतं, पण एचडीएल असं खाली येत नाही. म्हणजे मी घरातून तूप काढून त्याच्यापेक्षा वाईट वस्तू आणली होती. मी डबा आणला तेव्हा तो अभ्यास प्रसिद्ध होऊन पाच वर्षं झाली होती. माझ्या वाचनात तो आला नव्हता, एवढंच.

बलकाचीही गोष्ट तशीच. 1968 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने सल्ला दिला होता की दिवसाला 300 मिलिग्रॅमपेक्षा कमी कोलेस्टेरॉल खावं आणि आठवड्याला तीनपेक्षा जास्त बलक खाऊ नयेत. एका अंड्यात साधारण 180 ते 200 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असतं. त्यामुळे हिशेब सोपा वाटायचा: अंडं खाल्लं की कोलेस्टेरॉल पोटात, तिथून रक्तात, तिथून हृदयाच्या रक्तवाहिनीत. शरीर इतकं सरळ चालत नाही. आपलं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं, आणि त्यात यकृताचा मोठा वाटा असतो. बाहेरून जास्त आलं की बहुतेकांचं शरीर आतली निर्मिती कमी करतं. उलट संपृक्त चरबी, म्हणजे सॅच्युरेटेड फॅट, जास्त खाल्ली तर रक्तातलं एलडीएल उचलून घेण्याचं यकृताचं काम मंदावतं आणि एलडीएल रक्तात फिरत राहतं. म्हणून बहुतेक माणसांमध्ये ताटातल्या कोलेस्टेरॉलपेक्षा ताटातली संपृक्त चरबी एलडीएल जास्त वाढवते. अमेरिकेच्या आहार मार्गदर्शिकेतून तो 300 मिलिग्रॅमचा आकडा 2015 साली काढून टाकला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम प्रथिनं आणि 5 ग्रॅम चरबी असते. त्या पाचपैकी संपृक्त चरबी फक्त दीड ग्रॅमच्या आसपास. आता हे अंडं तुम्ही कशावर तळता ते बघा. प्रत्येक वेळी माप एकच धरा, चहाचा एक सपाट चमचा.

चमचाभर तुपात सुमारे 3 ग्रॅम संपृक्त चरबी असते. म्हणजे अंड्यात आहे त्याच्या दुप्पट. चमचाभर खोबरेल तेलात सुमारे 4 ग्रॅम. लोण्यात पाण्याचा अंश असतो, म्हणून तुपापेक्षा थोडी कमी, अडीच ग्रॅमच्या आसपास. शेंगदाणा तेलात 1 ग्रॅमपेक्षाही कमी. सूर्यफूल, करडई, मोहरी यांत त्याहून थोडी कमीच. ऑलिव्ह तेल शेंगदाण्याच्या जवळपास. कॅलरी मात्र या सगळ्या तेलांत सारख्याच, चमच्याला साधारण 40. घाण्याचं तेल म्हणून कॅलरी कमी होत नाहीत आणि महागडं तेल म्हणून वजन वाढायचं थांबत नाही.

म्हणजे ज्या अंड्याला आपण वर्षानुवर्षं आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच्याखाली वितळणाऱ्या लोण्याच्या दोन चमच्यांकडे आपलं लक्षच नव्हतं.

पण लगेच तुपाला शिव्या घालू नका. आधी मी केली ती चूक हीच होती, एक खलनायक शोधायचा आणि त्याला घराबाहेर काढायचं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संपृक्त चरबीतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांपेक्षा कमी असावी. 2000 कॅलरी खाणाऱ्या माणसासाठी हे सुमारे 22 ग्रॅम होतं. निरोगी माणसाने एका चमचा तुपात अंडं तळलं तर त्यातले 3 ग्रॅम गेले. बाकी दिवसभरात दूध, पनीर, मटण, फरसाण, बेकरीचे पदार्थ किती, यावर उरलेला हिशेब. रोज चपातीवर तूप, भातावर तूप आणि अंडंही तुपात, असं असेल तर अंड्यापुरतं तेल घ्या. ज्यांचं एलडीएल वाढलेलं आहे किंवा ज्यांना हृदयविकार झालेला आहे, त्यांनी रोजच्या अंड्याला तूप, लोणी, खोबरेल वापरू नये, असं मी स्पष्ट सांगतो. गाईचं असो की म्हशीचं, तूप हे औषध नाही. ते चविष्ट अन्न आहे, आणि त्याची मात्रा चमच्यात मोजायची असते.

"पण डॉक्टर, तेल जळतं, तूप जळत नाही," असं मला नेहमी ऐकवतात. यात अर्धं तथ्य आहे. तेल ज्या तापमानाला धुरायला लागतं, त्याला धूरबिंदू म्हणतात. तुपातून पाणी आणि दुधाचा साका काढून टाकलेला असतो, म्हणून तूप 230 अंश सेल्सिअसच्या पुढेही टिकतं. लोण्यात तो साका असतो आणि तो 150 अंशांच्या थोडं पुढे काळा पडायला लागतो. घाण्याचं शेंगदाणा तेल साधारण 160 अंशांना धूर सोडतं, रिफाइंड 230 च्या आसपास. हे आकडे पुऱ्या आणि भजी तळताना महत्त्वाचे, कारण तिथे तेल 170 ते 190 अंशांपर्यंत तापवावं लागतं. पण अंड्याला एवढी उष्णता लागतच नाही! पांढरं 62-63 अंशांपासून घट्ट व्हायला लागतं आणि बलक 65 ते 70 अंशांच्या दरम्यान. मध्यम-मंद आचेवर तवा 130-140 अंश तापला तरी अंडं छान होतं. तव्यावरून धूर निघत असेल तर दोष तेलाचा नाही, गॅसच्या बटणाचा आहे.

मग अंड्याला तेल लागतं तरी कशाला? दोन कामांसाठी. अंड्यातली प्रथिनं गरम धातूला घट्ट चिकटतात. तेलाचा पातळ थर त्या दोघांत आड येतो. आणि तव्याची उष्णता अंड्याला सगळीकडे सारखी पोचवतो. या दोन्ही कामांना एक चमचा पुरतो. चांगला वापरलेला बिडाचा तवा असेल तर अर्धाही पुरतो. आधी तवा मध्यम तापवा, मग तेल घाला, ते पसरलं की अंडं फोडा. थंड तव्यावर अंडं फोडलं की ते चिकटतं, आणि मग आपण बाजूने आणखी तेल सोडतो. लोणीच वापरणार असाल तर त्याचा चरचर आवाज आणि फेस ओसरू द्या. लोण्यातलं पाणी उडाल्याची ती खूण आहे. वरची बाजू शिजायला अंड्यावर तेल उडवण्याची गरज नाही. कडेला चमचाभर पाणी सोडा आणि झाकण ठेवा, वाफेवर वरचं पांढरं घट्ट होतं. नॉनस्टिक तवा असेल तर तो रिकामा, मोठ्या आचेवर ठेवू नका.

आता तेलांबद्दल दोन शब्द. रोजच्या अंड्याला मी शेंगदाणा तेल सांगतो, कारण ते आपल्याकडे सहज मिळतं, त्यात जवळजवळ निम्मी एकअसंपृक्त चरबी असते आणि तव्यावर ते चांगलं टिकतं. ऑलिव्ह तेल चांगलंच आहे, पण त्यासाठी कोणी पगार खर्च करू नये. सूर्यफूल आणि करडई ही तेलं बियांची म्हणून विषारी असल्याचे संदेश सध्या फिरतात. त्यांत लिनोलिक आम्ल भरपूर असतं, आणि संपृक्त चरबीच्या जागी ते खाल्लं तर एलडीएल कमी होतं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे करडईवर पिढ्या जगल्या, तुम्हालाही हरकत नाही. फक्त ही तेलं पुन्हा पुन्हा तापवली की लवकर खराब होतात. घाण्याच्या तेलाला वास आणि चव असते, रिफाइंडला नसते. स्निग्धाम्लांचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच. घाण्याचं तेल घेणार असाल तर दाणे स्वच्छ आणि कोरडे वापरणाऱ्याकडून घ्या, कारण बुरशी लागलेल्या शेंगदाण्यात अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असतं आणि ते घाण्यातून तेलात उतरू शकतं. खवट वास आला तर तेल फेकून द्या, मग ते कितीही महाग असो.

आणि आता ती सवय, जी मला सगळ्यांत जास्त सतावते. पुऱ्या तळून झाल्या की कढईतलं तेल गाळून स्टीलच्या डब्यात ठेवायचं आणि रोजच्या ऑम्लेटला तेच वापरायचं. आमच्याही घरात हे होतं. काटकसर म्हणून मला त्याचा आदर आहे. पण तळणाचं तेल प्रत्येक वेळी तापलं की तुटत जातं आणि त्यात नको ते पदार्थ साठतात. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2018 पासून हॉटेलवाल्यांना नियम घातलाय की तेलातल्या अशा ध्रुवीय घटकांचं प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलं की ते तेल वापरायचं नाही. घरी आपल्याकडे मोजायचं यंत्र नसतं, म्हणून डोळे आणि नाक वापरा. रंग काळपट झाला, तेल दाट झालं, फेस येतो, लवकर धूर सुटतो, तर ते टाकायचं. एकदाच वापरलेलं स्वच्छ तेल गाळून एक-दोन दिवसांत फोडणीला संपवा, पुन्हा तळायला घेऊ नका. त्याहून चांगलं, कढईत तेल कमी घ्या.

अण्णांची गोष्ट अर्धी राहिली. अटॅकनंतर दीड वर्षाने, सुट्टीला घरी आलो असताना, एका संध्याकाळी मी स्टँडकडे गेलो होतो. अण्णा रोज संध्याकाळी फिरायला जात, आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. स्टँडच्या बाहेर अंडा-बुर्जीची गाडी होती. तिथे अण्णा उभे होते, हातात प्लेट. गाडीवाला एका पिवळ्या डब्यातून पळीभर काहीतरी तव्यावर सोडत होता आणि त्यात अंडी तरंगत होती. ते लोणी नव्हतं, हे वासावरूनच कळत होतं. मी चारचौघांत त्यांच्यावर ओरडलो. काय बोललो ते सगळं आठवतं, पण इथे लिहिणार नाही. अण्णांनी प्लेट गाडीवर ठेवली, पैसे दिले आणि घराकडे चालायला लागले. वाटेत एकच वाक्य बोलले, "तुझ्या अंड्यात अंडंच नसतं रे."

त्या रात्री ते जेवले नाहीत. आई मला काही बोलली नाही, आणि ते जास्त लागलं.

2003 साली त्यांना दुसरा अटॅक आला. स्टेंट बसला, ते वाचले, त्यानंतर अकरा वर्षं जगले. दुसरा अटॅक माझ्या वनस्पतीच्या डब्यामुळे आला का? एका माणसाच्या बाबतीत असं कुठल्याच डॉक्टरला सांगता येत नाही. त्यांनी वीस वर्षं बिड्या ओढल्या होत्या, रक्तदाब होता, रात्रपाळ्या होत्या. पण मला एवढं नक्की माहीत आहे की घरातल्या चमचाभर गोड्या तेलातल्या दोन अंड्यांना मी बंदी घातली आणि त्यांना गाडीवरच्या पळीभर वनस्पतीकडे ढकललं. पथ्य पाळता येत नसेल तर माणूस पथ्य मोडत नाही, तो ते लपवतो. आणि लपवून खाल्लेलं डॉक्टरला कधीच कळत नाही.

आता देशात ट्रान्स फॅटवर मर्यादा आली आहे. जानेवारी 2021 पासून तेल-तुपात 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के. त्यामुळे आजचा डबा माझ्या त्या डब्यासारखा नाही. तरीही वनस्पती आणि स्वस्त मार्गारिन यांत संपृक्त चरबी भरपूर असते, तेव्हा घरी ती आणायचं कारण नाही.

दुसऱ्या अटॅकनंतर अण्णांना स्टॅटिन सुरू झालं आणि एलडीएल आटोक्यात आलं. मग एका रविवारी मी स्वतः तव्यावर चमचाभर गोडं तेल घातलं आणि अंडं फोडलं, बलकासकट. अण्णांनी ताटलीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "मिरपूड कुठाय?" आमच्यात माफी मागायची पद्धत नव्हती. दर रविवारी अंडं करायची पद्धत मात्र पडली.

आता तुमच्यासाठी. प्रकृती चांगली असेल तर रोज एक अख्खं अंडं खायला बहुतेकांना हरकत नाही. मधुमेह असेल, एलडीएल वाढलेलं असेल किंवा घराण्यातच लहान वयात हार्ट अटॅक येत असतील, तर आठवड्याला किती बलक खायचे हे तुमचा रिपोर्ट पाहून तुमच्या डॉक्टरांशी ठरवा. स्टॅटिन चालू असेल तर तेल बदललं म्हणून गोळी बंद करू नका. आणि कुठलं तेल, यापेक्षा किती तेल, हे आधी बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या 2000 कॅलरींच्या नमुना ताटात दिवसाला सुमारे 27 ग्रॅम तेल-तूप आहे. चार माणसांच्या घराला ते महिन्याला साधारण साडेतीन लिटर होतं. त्यात तूप, लोणी सगळं आलं. महिना संपला की घरातले रिकामे कॅन आणि पिशव्या मोजा. पाच लिटरचा कॅन पंचवीस तारखेला संपत असेल तर प्रश्न अंड्याचा नाहीच.

त्या जोडप्याला मी हे सगळं सांगितलं, थोडक्यात. काकूंनी यादीतल्या चार ओळी खोडल्या. त्या गृहस्थांचं एलडीएल गोळीने बरंच खाली आलं होतं, म्हणून आठवड्याला तीन अंडी ठरली, शेंगदाणा तेलात, एक चमचा, मंद आचेवर. ते उठता उठता थांबले आणि म्हणाले, "म्हणजे घरी खाल्लं तर चालेल?"

मी म्हणालो, "घरीच खा. आणि कधी बाहेर खाल्लंत, तर मला सांगा. मी ओरडणार नाही."